पांढऱ्या गाडीतला गृहस्थ

“पाय उचल,” मी वाल्तेरला म्हणाले. त्याने पाय उचलले, मी त्याच्या खुर्चीखालचा ग्रीसचा डबा ओढून घेतला, पण त्याचं बोलणं काही थांबलं नाही.

“अठ्ठावीस वर्षं बस चालवली मी. अठ्ठावीस वर्षं तुम्हा सायकलवाल्यांना शिव्या घातल्या. दोघं दोघं बाजूबाजूने चाललेत, गप्पा हाणतायत, मागे बस आहे याची फिकीर नाही. शिव्या दिल्याशिवाय या गावात बस पुढे सरकतच नाही. आणि ही नवी यंत्रं बघ. गुमान मागून येतात. हॉर्न नाही, काही नाही. याला काय गाडी चालवणं म्हणायचं?”

“तुझ्यापेक्षा बरी चालवतात,” मी म्हणाले.

“चालवतं कोण पण? आत आहे का कोणी? स्टिअरिंग आपलं आपण फिरतं. रोज बाल्कनीतून बघतो मी.”

मार्चपासून आमच्या फेरारा गावात पाच पांढऱ्या गाड्या बिनचालकाच्या फिरत होत्या. स्टेशन ते नवं इस्पितळ, दिवसभर येजा. कुठल्याशा कंपनीचा प्रयोग चालला होता आणि नगरपालिकेने हो म्हटलं होतं. तेव्हापासून माझ्या दुकानात दुसरा विषय नव्हता. दुकान वडलांचं, सायकल दुरुस्तीचं. दारात तीन खुर्च्या आणि एक बाकडं. साडेआठ ते दहा तिथे जे बसतात त्यांच्या सायकलींना काहीही झालेलं नसतं. मी हाकलत नाही, कारण हाकलूनही ते जात नाहीत.

जूनमधल्या त्या दिवशी दोघंच होते. वाल्तेर, आणि बाकड्यावर ओरिआनो.

ओरिआनोचं वय शहात्तर. एकतीस वर्षं त्याने पालिकेसाठी पाण्याचे मीटर वाचले. सायकलवरून जायचं, लोकांच्या तळघरात उतरायचं, आकडे लिहायचे, वर यायचं, पुढचं घर. गावातलं एकही तळघर त्याने सोडलं नव्हतं आणि एकाही तळघरातली गोष्ट त्याने कधी बाहेर सांगितली नव्हती. मी शाळेत होते तेव्हापासून तो आमच्या दुकानात येतोय. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला पोरी म्हणतो. मी चोपन्न वर्षांची आहे.

बायको गेल्यापासून तो तटाबाहेर, नदीच्या रस्त्यावरच्या घरात एकटा राहायचा. तिथून माझं दुकान साडेतीन किलोमीटर. मुलगी, मार्झिया, बोलोन्या शहरात. दर रविवारी तिचा फोन यायचा, की बाबा, या आता इकडे, चौथा मजला आहे पण लिफ्ट आहे. बाप-लेकीत एक करार झाला होता आणि तो आम्हा सगळ्यांना माहीत होता: जोवर ओरिआनो स्वतःच्या सायकलवर गावात येतोय, तोवर तो आपल्या घरात राहणार. ज्या दिवशी सायकल सुटेल, त्या दिवशी बोलोन्या. तो बोलोन्या असं म्हणायचा की जणू तिथे पाणी मिळत नाही.

“मला तर अजून एकही भेटली नाही तसली गाडी,” ओरिआनो म्हणाला. कॉफीचा पेला त्याने बाकड्यावर ठेवला, आधी बोटांनी कड चाचपून. “उलट माझ्या वाटेवर एक फार सभ्य गृहस्थ असतो. तटाच्या दरवाज्यापाशी, पोर्ता मारेच्या नाक्यावर, आठ वीसला. रोज थांबतो माझ्यासाठी. मी हात करतो, तोही करतो. स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो नुसती. अशी माणसं राहिली नाहीत आता.”

हे आमच्याकडे असंच असतं. नाक्यावर पाट्या कोणी वाचत नाही. तोंडं वाचतात. सायकलवाला मान हलवतो, गाडीवाला बोटं उचलतो, की झालं. बोटं उचलली म्हणजे पाहिलं तुला, जा. पोलीससुद्धा याच कायद्याने चालतात.

“कसली गाडी?” वाल्तेरने विचारलं.

“पांढरी. लहानशीच आहे.”

वाल्तेर पोर्ता मारेच्या नाक्यावरच राहतो, दुसऱ्या मजल्यावर. आठ वीसला तिथे कोण थांबतं हे त्याला गावात सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक. मी एका वाकड्या चाकाचा आऊट काढत होते. हातातला पाना तसाच राहिला आणि चाक फिरत राहिलं. वाल्तेरने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा फुटणार आणि दहा दिवस गावभर हसणार. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग ओरिआनोकडे. ओरिआनो हसतमुखाने वाल्तेरच्या खांद्याच्या जरा बाजूला कुठेतरी बघत होता.

“हां, तो होय,” वाल्तेर म्हणाला. “ओळखतो मी त्याला. चष्मा लावतो.”

“बरोबर,” ओरिआनो लगेच म्हणाला. “चष्मा आहे त्याला.”

तो दहाला उठला, सायकल घेतली, टांग मारली आणि गेला. सायकल सरळ चालली होती. त्यात काहीही वावगं नव्हतं.

मला स्वतःचीच लाज वाटली. टायर बघताना तो वाकत नसे, अंगठ्याने दाबून सांगत असे. त्याला मी वडलांच्या काळचं कसब समजले. येणारी सायकल कुणाची हे तो फ्रीव्हीलच्या आवाजावरून ओळखायचा, त्याचं आम्ही कौतुक करायचो. हिवाळ्यापासून पेपर तो वाल्तेरकडून वाचून घ्यायचा, म्हणायचा, तुझा आवाज चांगला आहे. वाल्तेरच्या आवाजाला चांगलं म्हणणारा माणूस ठीक नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“किती दिसत असेल?” वाल्तेरने विचारलं.

“मला काय माहीत.”

“मार्झियाला सांगायला पाहिजे.”

“सांग की मग.”

“मी? तू सांग. तू बाई आहेस.”

“बाई आहे म्हणून काय झालं? तू त्याचा मित्र आहेस.”

“तू त्याची मेकॅनिक आहेस,” वाल्तेर म्हणाला, आणि फोन कुणीच केला नाही. खरं सांगायचं तर दोघांनाही तो तिथे बाकड्यावर हवा होता. कुणी कितीही मोठ्या गोष्टी केल्या तरी आतली गोष्ट एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वाल्तेर ओरिआनोच्या दारात हजर झाला. सायकलवर. माझ्याचकडची जुनी होती, मीच आदल्या दिवशी दिली. ओरिआनोला त्याने सांगितलं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, एकट्याला कंटाळा येतो. वाल्तेरला कुठल्याही डॉक्टराने काहीही सांगितलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. वाल्तेर डावीकडे, रस्त्याच्या बाजूला, ओरिआनो उजवीकडे, दोघांची कोपरं एकमेकांना लागतील इतक्या जवळ. आणि वाल्तेर बोलत राहायचा. “ते बघ गाढव, औषधांच्या दुकानासमोर गाडी आडवी लावलीय. उजवीकडचा अर्धा रस्ता खाल्ला. माझ्या अंगावर ये जरा, तुझ्यासाठी जागा आहे. आता दगड सुरू होतील, पालिकेला दगड बसवता येत नाहीत, खड्डा बघ केवढा, माझ्या बाजूने घे. पुढे दोन बायका, कुत्रं घेऊन. कुत्र्याला दोरी कशाला बांधतात, फूटपाथभर सोडायची असेल तर.” असं साडेतीन किलोमीटर. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या कुरकुरीचा कुणाला उपयोग होत होता.

मागे गाड्या साचायच्या. माणसं हॉर्न वाजवायची, काच खाली करून वाल्तेरची आई काढायची. अठ्ठावीस वर्षं त्याने जे दिलं ते त्याला आता परत मिळत होतं, आणि तो मान खाली घालून घ्यायचा. पांढरी गाडी मागे असली तर काही नाही. दोन सायकली बाजूबाजूने आहेत, ओलांडायला जागा नाही, एवढं तिला कळायचं. ती तीन हात अंतर ठेवून हळूहळू मागे यायची.

“हिच्या तोंडाला कुलूप आहे हे एक बरं,” वाल्तेर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला. त्याच्याकडून यापेक्षा जास्त स्तुती होणार नव्हती.

नाक्यावर पांढरी गाडी थांबली की ओरिआनो हात करायचा. वाल्तेरही करायचा. रिकाम्या गाडीला. लोक बघायचे आणि म्हातारे येडे झालेत म्हणून पुढे जायचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत असं चाललं. मी ते थांबवायला हवं होतं का? हवं होतं. पण सकाळी साडेआठला ते दोघे भांडत भांडत दारात उतरायचे तेव्हा मला बरं वाटायचं, आणि मी पाना उचलून कामाला लागायचे.

सप्टेंबरच्या शेवटी वाल्तेरच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. या वेळी खरंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी त्याने मला फोन केला.

“उद्यापासून तू जा. डावीकडून राहा. आणि बोलत राहा.”

“काय बोलू?”

“जे दिसेल ते. शिव्या घालत बोललीस तर त्याला संशय येत नाही.”

मला सकाळी बोलायची सवय नाही. तरी गेले. ओरिआनो दाराला कुलूप लावून उभाच होता. मी म्हणाले, आज म्हटलं जरा हवा खावी. तो बरं म्हणाला. आम्ही निघालो. पहिल्या वळणावर मी म्हणाले, “हा दिव्याचा खांब किती पुढे आलाय ना.” थोड्या वेळाने म्हणाले, “हा दुसरा खांब.”

ओरिआनो हसायला लागला. हँडल न हलवता हसला.

“पोरी, पन्नास वर्षांत तू माझ्याशी कधी खांबांबद्दल बोलली नाहीस.”

तिसरा खांब मी सोडून दिला.

“वाल्तेर बरा. तो निदान रागावून बोलतो. मला कळतं गं सगळं. त्याला काय वाटतं, मला कळत नाही?”

“मग बोलला का नाहीस?”

“त्याला मजा येत होती.” मग तो म्हणाला, “मधोमध काही दिसत नाही. कडेचं दिसतं, धुरकट. तुझं तोंड बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं. आणि तेही आता कमी होतंय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळ्यात सुया टोचून थांबलं तर थांबलं. नाही थांबलं.”

“आणि एकटा यायचास तेव्हा?”

“दगड सांगतात. डांबर संपलं की बेकरी. बारीक दगड सुरू झाले की चर्च. हँडलमध्ये कळतं सगळं. रस्ता काही बदलत नाही. माणसं बदलतात जागा, तेवढंच.”

“मार्झियाला?”

“नाताळपर्यंत चालेल असं वाटत होतं,” तो म्हणाला.

त्या वेळी मी त्याला पांढऱ्या गाडीचं सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण सगळं तर त्याने स्वतःच सांगितलं होतं, फक्त तेवढा एक सभ्य गृहस्थ उरला होता, आणि तोही मी काढून घ्यावा हे मला जमलं नाही. मी म्हणाले, “डावीकडून बस जातेय.” तो म्हणाला, “ऐकू येतंय.”

पोर्ता मारेच्या नाक्यावर आलो तेव्हा आठ वीसच झाले होते. डावीकडच्या रस्त्यावरून पांढरी गाडी आली आणि कडेला थांबली. तिचा आवाज जवळजवळ नसतोच, पण टायर दगडांवर थांबल्याचा येतो. ओरिआनोने हात वर केला, जरासा हसला आणि पायडल मारलं. मी त्याच्या मागे अर्धं चाक होते.

माणूस थांबला की त्याचा अर्थ आमच्याकडे एकच असतो. तुला पाहिलं, जा. ती गाडी मात्र कुणासाठीही थांबते, आणि कुणासाठी थांबली हे सांगत नाही. त्या दिवशी ती एका बाईसाठी थांबली होती. बाई गाडीसमोरून रस्ता ओलांडत होती, हातात चाकांची भाजीची पिशवी, आणि गाडी थांबलीय म्हणून तीही निर्धास्त होती. मी “थांब” म्हणाले. पण खांबांबद्दल बोलावं तितक्याच आवाजात म्हणाले.

सायकल, बाई आणि पिशवी एकत्र पडली. नाशपाती रस्ताभर झाल्या. बाई माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल, बसल्या जागी मनगट धरून होती. ओरिआनोच्या कपाळाला खरचटलं होतं. तो उठला आणि आधी बाईकडे गेला, म्हणजे जिथे ती असावी असं वाटलं तिथे गेला.

“लागलं का बाई? कुठे लागलं?”

“डोळे फुटलेत का तुमचे?” बाई ओरडली. “एवढी मोठी बाई दिसत नाही?”

“नाही बाई,” ओरिआनो म्हणाला. “दिसत नाही.”

मीटरचा आकडा सांगावा तसा म्हणाला. बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचं तोंड बंद झालं. ओरिआनो गुडघ्यावर बसून हातांनी नाशपाती शोधायला लागला. दोन सापडल्या. त्या त्याने पिशवीत ठेवल्या, तिसरी शोधताना त्याचा हात पांढऱ्या गाडीच्या बंपरला लागला. तो उभा राहिला, कपडे झटकले, आणि काचेकडे तोंड करून, अगदी आदबीने म्हणाला, “साहेब, तुम्ही निदान हॉर्न तरी द्यायचात.”

नाक्यावर आणखी तीन-चार सायकलवाले थांबले होते. कुणी हसलं नाही. मी त्याच्याजवळ गेले.

“ओरिआनो, आत कोणी नाही.”

“उतरले का?”

“कोणी नव्हतंच. ही त्यातलीच आहे. बिनचालकाची.”

त्याने काचेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“कधीपासून?”

“मार्चपासून.”

“आणि तो चष्मेवाला?”

“ते वाल्तेरने म्हटलं. तेवढंच.”

“हं,” ओरिआनो म्हणाला. “आणि मी त्यावर ‘बरोबर’ म्हणालो.”

बाईला घेऊन आम्ही औषधांच्या दुकानात गेलो. मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. बाईने जाताना ओरिआनोला एक नाशपाती दिली, रागारागातच दिली. तिथून दुकानापर्यंत आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. त्याचं पुढचं चाक वाकलं होतं आणि दर फेऱ्याला मडगार्डला घासत होतं. तो दारात थांबला.

“वाल्तेरला सांगू नकोस मला गाडीचं कळलं म्हणून. गुडघा आधीच दुखत असेल त्याचा.”

“आणि मार्झियाला?”

“तिला मी करतो फोन. दुकानातला फोन दे जरा, माझ्या त्या मोबाइलमधले आकडे मला...” तो थांबला. “तूच लाव.”

मी लावला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. फोन चार मिनिटांत संपला. मला वाटलं होतं जास्त वेळ लागेल.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मार्झिया त्याला न्यायला आली. बाई चांगली आहे, बापासारखीच कमी बोलणारी. घरचं सामान आधीच गेलं होतं. तिची बाहेरगावची गाडी आत येऊ देत नाहीत म्हणून तिने ती तटाच्या दरवाज्याबाहेर लावली आणि दोघं शेवटची माझ्याकडे आली. ओरिआनोने सायकल हाताने ढकलत आणली होती. चाक मी त्याआधीच सरळ करून दिलं होतं.

वाल्तेर काठी घेऊन आला होता. त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो बोलोन्याच्या बसच्या ड्रायव्हरांना शिव्या घालत होता. एकालाही बस चालवता येत नाही, म्हणाला, रस्ता ओलांडताना त्यांचा भरवसा धरू नकोस. ओरिआनो म्हणाला, बरं, नाही धरणार. मग दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि वाल्तेर नाक शिंकरायला आत गेला.

“ही घे,” ओरिआनो मला म्हणाला आणि सायकल माझ्या हातात दिली. “वीक म्हणत नाही, ठेव म्हणतोय असंही नाही. तुला जे वाटेल ते.”

“तेल घालून ठेवते.”

“चेनला कमी घाल. तुझे वडील फार घालायचे.”

मी त्याला मिठी मारली. त्याच्या कपाळावरची खपली अजून पुरती गेली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण त्याला दिसणार नव्हतं. त्याला ते कळलं, कारण त्याने माझी पाठ थोपटली.

ती दोघं निघाली. मी ओरिआनोला सायकलशिवाय चालताना कधी पाहिलं नव्हतं. गावात कुणीच पाहिलं नसेल. एरवी सायकल चालवत नसला तरी तो हाताने ढकलत असायचा. तो हळू चालत होता, पाय नीट पडत होते. एक हात मार्झियाने धरला होता. दुसऱ्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. तो खिशात घालायचा, काढायचा, कमरेच्या पुढे थोडा वेळ तसाच हवेत धरायचा आणि मग परत खिशात घालायचा. वळणापर्यंत तो तेच करत होता.